नागपूरकर हिंदीत का बोलतो? जरा मराठीलाच विचारा

राजेहो, पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हाच वाचा. पण वाचली तर पूर्ण वाचा, अर्ध्यावरून भांडायला येऊ नका.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत मुंबई-पुण्याकडच्या पत्रकार मित्रांचे जेवढे फोन आले, त्यात एक वाक्य ठरलेलं होतं. "तुमच्या नागपुरात सगळे हिंदीच बोलतात रे, तुम्हाला मराठीचं काय पडलंय!" डिप्लोमाच्या वर्गात होतो तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. आज त्याचं उत्तर देऊन टाकतो.

आरोप खोटा नाही. सीताबर्डीवर दुकानदार मराठी, गिऱ्हाईक मराठी, आणि भाव चालतो हिंदीत. "भैया, बराबर लगाओ ना." ऑटोत बसा. ड्रायव्हर हिंदीत विचारणार, आपण हिंदीत सांगणार. मग त्याला घरून फोन येतो आणि तो म्हणतो, "हाव वं माय, येऊनच रायलो." फोन ठेवला की परत आपल्याशी हिंदी. दोघांनाही आता कळलेलं असतं की समोरचा आपलाच आहे. तरी कोणी मराठीवर येत नाही. उतरताना "रखो भैया" म्हणून मोकळे.

याचं एक कारण पुस्तकात सापडतं. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी. खाली मराठी जिल्हे, वर जबलपूर-रायपूरकडचे हिंदी जिल्हे, आणि कचेऱ्या सगळ्या इथं. पुढे वऱ्हाड जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, म्हणजे जवळजवळ पंचाण्णव वर्षं हे शहर दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून वर्ध्याला आहे. पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ साली नागपुरात भरलं. हिंदी इथं काल-परवा कोणी ट्रेननं आणून टाकली नाही. आमच्या कित्येक शेजाऱ्यांची ती घरची भाषा आहे, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

पण हे कारण अर्धंच आहे. १९५६ ला आता जवळपास सत्तर वर्षं झाली. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. शाळा मराठी, सातबारा मराठी, एसटीच्या पाट्या मराठी. मग दोन मराठी माणसं अजूनही एकमेकांशी हिंदीत का बोलतात? जबलपूरची राजधानी तर कधीच सुटली!

उरलेलं अर्धं कारण कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. अनोळखी माणसासमोर मराठी बोलायची म्हणजे कोणती मराठी बोलायची, हा प्रश्न आम्हाला पडतो. घरातली बोलावी तर समोरचा हसेल. पुस्तकातली बोलावी तर ती आपल्याच तोंडात उसनी वाटते, आणि ओळखीचं कोणी ऐकत असेल तर म्हणेल, "मोठा पुणेकर झाला बे!" हिंदीत हा त्रास नाही. नागपुरी हिंदी म्हणजे "मेरेको", "कायकू", "हाव ना बे". तिच्यात कोणी व्याकरण तपासत नाही. इतवारीतला मारवाडी, गड्डीगोदामचा तमिळ, मोमीनपुऱ्यातला मुसलमान आणि काटोलचा कुणबी, सगळे ती सारखीच मोडून-तोडून बोलतात. तिथं कोणी कोणाला अडाणी ठरवत नाही. मराठीत तोंड उघडलं की दोन शब्दांत तुमचा जिल्हा, तुमची शाळा आणि बरेचदा तुमची जात मोजली जाते.

म्हणून आमचा माणूस हिंदीच्या सावलीला जाऊन उभा राहतो. त्याला तिकडे ढकलतं कोण? दिल्ली नंतर. आधी मराठीच.

हे एकट्या नागपूरचं नाही. जगात याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण अरबीचं आहे. कैरोचा माणूस घरी आणि बाजारात मिसरी बोली बोलतो, वर्तमानपत्र वाचतो 'फुसहा' म्हणजे ग्रांथिक अरबीत, आणि मोठ्या कंपनीत गेला की इंग्रजी. मोरोक्कोत इंग्रजीच्या जागी फ्रेंच. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली यावर लेख लिहिला, तो आजही शिकवला जातो. एकाच भाषेची दोन रूपं, एक वरच्या कामांसाठी आणि एक घरच्या कामांसाठी, आणि माणूस दिवसभर खाली-वर करत राहतो. वाचताना वाटलं, हा तर आपला उमरेड-काटोलचा माणूस.

पण एक फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकात आहे. फुसहा आज कोणाच्याच आईची भाषा नाही. कैरोच्या श्रीमंताचं पोरगं असो की गावातल्या शेतकऱ्याचं, दोघांनाही ती शाळेतच शिकावी लागते. श्रीमंताची शाळा चांगली असेल, पण घरून ती घेऊन कोणीच येत नाही. आमच्या प्रमाण मराठीचं तसं नाही. ती काही घरांत जेवणाच्या ताटावर बोलली जाते. त्या घरातलं पोरगं पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली भाषा त्याला आलेलीच असते. माझ्या तालुक्यातलं पोरगं त्याच दिवशी त्याच इयत्तेत बसतं, आणि त्याला पहिल्या वाक्यात सांगितलं जातं की तुझी आई चुकीचं बोलते. याला आपण "गुणवत्ता" म्हणतो.

ही प्रमाण मराठी ठरली कधी? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. दोन्ही मुंबईत निघाले, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि पुण्या-मुंबईच्या पंडितांची भाषा त्यांचा आधार झाली. त्या वेळी नागपुरात भोसल्यांची गादी होती, ती खालसा झाली १८५४ ला. म्हणजे मराठीचा नमुना पक्का होत होता तेव्हा आम्ही त्या इलाख्यातच नव्हतो. हे त्या माणसांवर दोषारोप म्हणून सांगत नाही, त्यांनी मोठं काम केलं. पण एका भागाचं बोलणं नमुना म्हणून घेतलं गेलं. त्यानं ते "शुद्ध" आणि बाकीचं "अशुद्ध" कसं झालं, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

वऱ्हाडीलाही व्याकरण आहे. "उद्या येजो" म्हणतो तेव्हा आम्ही आत्ता नाही, पुढे यायला सांगतो, आणि "ये" पेक्षा ते वेगळं आहे. प्रमाण मराठीत एवढंच सांगायला दोन-तीन शब्द जोडावे लागतात. "जाऊन रायलो", "मले", "तुले", "काहून", सगळं नियमानं चालतं, कोणी मनाला येईल तसं बोलत नाही. ग्रिअर्सननं १९०५ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड काढला, त्यात वऱ्हाडी-नागपुरीची नोंद नमुन्यांसकट केली. परक्या साहेबाला जे नोंदवण्यासारखं वाटलं, ते टीव्हीवाल्यांना फक्त हसण्यासारखं वाटतं. आठवून बघा, मालिकेत वऱ्हाडी बोलणारा वकील, डॉक्टर, नायक कधी पाहिला? बहुतेक वेळा नोकर, नाहीतर विनोदवीर.

इथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, तुमचा मान दुखावला, पुढे चला. फक्त मानाचं असतं तर मीही ही पोस्ट लिहिली नसती. आता कामाचं बोलू.

पोलीस ठाणं. मजुरी करणारी बाई तक्रार द्यायला येते. ती सांगते, "तो आंगावर धावून आला, मले धकलून देल्लं, मले भेव लागला, मी पयाली." कागदावर उतरतं ते असं: "मी वरील ठिकाणी परिवारासह राहत असून मोलमजुरी करून उदरनिर्वाह करते. सदर इसमाने मला जिवे मारण्याची धमकी देऊन धक्काबुक्की केली." शेवटी ठरलेलं वाक्य, की हे माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं आहे, मला वाचून दाखवलं, बरोबर आहे. खाली अंगठा किंवा सही. एवढ्या मजकुरात तिच्या सांगण्यातला एक शब्द शोधून दाखवा.

दोन-चार वर्षांनी ती कोर्टात उभी राहते. आरोपीचे वकील तोच कागद हातात घेऊन विचारतात, "धमकी दिली असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" ती खरं बोलते. म्हणते, "मी म्हटलं भेव लागला." झाली विसंगती. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराला खोडून काढायला वापरता येतो, कायदाच तसा आहे, आणि वकील आपलं काम करतात. पण इथं विसंगती कोणाच्या बोलण्यात आहे? बाईच्या नाही. ती बोली आणि ठाण्याची मराठी यांच्यामधली आहे, आणि तिची किंमत बाई मोजते. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना हे नवीन नाही.

पुढे अपील नागपूर खंडपीठात गेलं तर तिथली भाषा इंग्रजी, संविधानाच्या ३४८ व्या कलमानं. म्हणजे "भेव लागला" चं आधी ठाण्याची मराठी, मग कोर्टाची मराठी, मग इंग्रजी. चार भाषांतून गाळून जे उरतं त्यावर कोणीतरी तुरुंगात जातो किंवा सुटतो. खालच्या कोर्टांत मराठीसाठी लोकांनी किती वर्षं भांडून १९९८ ची अधिसूचना मिळवली. ती मराठी ज्या बाईसाठी होती तिच्यापर्यंत अजून पोहोचायचीच आहे.

आता वावरात चला. २०२३ पासून एक रुपयाच्या पीक विम्याचे जे हंगाम झाले, त्यात नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं होतं. कास्तकार सांगतो, "सोयाबीन सोंगून ठेवलं होतं, वावरातच भिजलं, कोंबं फुटले." इतकं स्पष्ट वाक्य कोणत्या भाषेत असेल? पण त्याला निवडायचं होतं "काढणीपश्चात नुकसान" की "स्थानिक नैसर्गिक आपत्ती". आमच्याकडे सोयाबीनची काढणी म्हणत नाहीत, सोंगणी म्हणतात. "पश्चात" तर कोणाच्याच तोंडात नाही. चुकीच्या खान्यात टिचकी पडली की अर्ज लटकतो. मग पोरगा लागतो, सेवा केंद्रवाला लागतो, त्याचे पैसे लागतात, आणि ७२ तासांतले निम्मे तास निघून जातात. इंग्रजीनं अडवलं असतं तर मोर्चा निघाला असता. मराठीनंच अडवलं, मग मोर्चा कोणावर काढायचा?

"सबब", "उक्त", "अन्वये", "तद्नंतर", "उपरोक्त". या शब्दांनी मराठी समृद्ध झाली म्हणतात. इंग्रजीच्या जागी मराठी आणणं गरजेचंच होतं. पण साहेबाची खुर्ची तशीच ठेवून फक्त गादी बदलली. पूर्वी इंग्रजी कागद वाचून घ्यायला माणूस लागायचा, आता मराठी कागद वाचून घ्यायला लागतो.

तिसरी जागा शाळा. पहिलीतलं पोरगं हात वर करून म्हणतं, "बाई, मले पानी प्याले जाऊ द्या." बाई म्हणतात, "मले नाही, मला. पानी नाही, पाणी." पोरगं दोन-तीनदा ऐकतं आणि मग हात वर करणं सोडून देतं. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, २९ व्या कलमात लिहिलं आहे की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. कागदावर आमच्या पोराला ते मिळालेलंच आहे, कारण कागदावर त्याची मातृभाषा "मराठी". आणि आईबापांचं काय चुकतं? ते म्हणतात, मराठी शाळेतही आमची भाषा नाहीच, मग परकीच शिकायची तर इंग्रजी शिकू दे, निदान नोकरी तरी लागेल. मराठी शाळा ओस पडण्याची कारणं पुष्कळ आहेत, त्यात हेही एक आहे. यावर परिसंवाद होत नाहीत.

गडचिरोलीतल्या गोंड पोराचं तर विचारूच नका. त्याची गोंडी मराठीची बोलीसुद्धा नाही, वेगळ्याच कुळातली भाषा आहे. वऱ्हाडी पोराला एक पायरी चढावी लागते, त्याला आख्खा जिना. वऱ्हाडीच्या नावानं छाती फुगवणाऱ्यांनी गोंडी, कोरकूच्या पोराला हसणं आधी बंद करावं. हे आमच्याकडेही होतं.

आता उलट बाजू. माझ्या ओळखीत प्रमाण मराठीचे प्रामाणिक पुरस्कर्ते आहेत, त्यांचे मुद्दे मी टाळणार नाही.

ते म्हणतात, एक सामाईक मराठी नसेल तर कोल्हापूरचा आणि गोंदियाचा माणूस एकमेकांना कसे समजणार? बरोबर आहे. मी ही पोस्ट प्रमाण मराठीतच लिहितोय ना? सामाईक भाषा हवीच, आणि प्रत्येक पोराला ती चांगली आली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ती दुसरी म्हणून शिकवा, पहिलीला हाकलून नको.

ते म्हणतात, बोली तरी कोणती घ्यायची? नागपुरी वेगळी, अकोल्याची वेगळी, भंडारा-गोंदियाची झाडीबोली वेगळी. हेही खरं. पण जबाब लिहिताना हा प्रश्नच येत नाही. जी बाई समोर बसली आहे तिची बोली घ्यायची.

आणि तिसरा मुद्दा, बोलीत गंभीर काही सांगता येत नाही. इथं मात्र हसू येतं. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तन केलं ते कोणत्या भाषेत? कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा, हे सगळं साध्या वऱ्हाडीत, आणि हजारो माणसं रात्र-रात्र बसून ऐकत. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. वऱ्हाडीतल्या त्या कादंबरीत हसण्यासारखं किती सापडतं, वाचून सांगा. तुकडोजी महाराज मराठीत लिहीत, हिंदीत भजनं म्हणत, आणि मोझरीच्या माणसाला दोन्ही आपलीच वाटत. 'सैराट' नं २०१६ साली करमाळ्याकडच्या बोलीत मराठी सिनेमाच्या कमाईचे विक्रम मोडले. त्याच नागराज मंजुळेंनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांवर 'झुंड' काढला, तो हिंदीत. त्यांना दोष देत नाही, ती पोरं खरंच तशी बोलतात. पण मराठी राज्याच्या उपराजधानीची गोष्ट हिंदीतच खरी वाटते, याचा मराठीवाल्यांनी विचार करायचा की नाही?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले, आनंद मलाही झाला. त्या दर्जाच्या दाव्यात 'लीळाचरित्रा'चं नाव अग्रभागी होतं. ते लिहिलं गेलं तेराव्या शतकात, आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. वर्ध्याला हिंदी विद्यापीठ १९९७ ला झालं, मराठीचं यायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली, असो.

रिद्धपूरची एक गोष्ट महानुभावांच्या परंपरेत सांगतात. केशोबास संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण काय दिलं? संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका माणसानं भाषेची कसोटी सांगून ठेवली: गावातल्या म्हातारीला कळतं का? आज आमच्या तहसीलच्या नोटीस बोर्डाला, ठाण्याच्या जबाबाला, विम्याच्या अर्जाला हीच कसोटी लावा. किती पास होतात बघा. अभिजात दर्जा त्या म्हाताऱ्यांच्या मराठीला मिळाला आहे, "उपरोक्त" आणि "तद्नंतर"ला नाही.

नुसतं रडगाणं नको, म्हणून चार मागण्या.

एक. फिर्यादीचे आणि साक्षीदाराचे मुख्य शब्द जबाबात अवतरणात, जसेच्या तसे लिहा. "भेव लागला" तर "भेव लागला". जबाब ऑडिओ-व्हिडिओवर घ्यायची सोय कायद्यात जुन्या संहितेपासून आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ती वापरा.

दोन. शेतकऱ्यासाठीचा कोणताही अर्ज छापण्याआधी प्रत्येक विभागातल्या पाच-पाच शेतकऱ्यांना वाचायला द्या. जिथं ते अडतील तो शब्द बदला. "काढणी" शेजारी कंसात "सोंगणी" लिहायला किती खर्च येतो?

तीन. पहिली-दुसरीत पोराचं उत्तर बरोबर आहे का ते बघा. "मले" चं "मला" तिसरीत शिकवा, हसत-खेळत, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून.

चार. ही आपल्यासाठी. नागपूरकरांनो, समोरचा मराठी आहे असं कळलं की बोला ना मराठी, जी येते ती. आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, आमची मराठी ऐकून "किती गोड बोलता हो तुम्ही लोक" असं म्हणत फोन बायकोच्या कानाला लावू नका. "मले" ऐकून पुढचं वाक्य ऐका.

हिंदीच्या सक्तीला माझा विरोध होता, आहे. पण सक्ती मागे घेतल्यानं सीताबर्डीचा दुकानदार मराठीवर येणार नाही. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला आख्खं सरकार नागपुरात येतं. मराठीच्या गळचेपीवर भाषणं होतात, तीही चांगली होतात. या वेळी एखाद्या आमदारानं, विदर्भातल्याच, सभागृहात उभं राहून आपल्या मतदारसंघाचा प्रश्न आपल्या आईच्या भाषेत मांडावा. कार्यवृत्तात तो तसाच छापला जावा. सभागृह हसलं, तर हिंदी कुठून येते ते तिथंच दिसेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर. कोणत्या मराठीत भांडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हसत नाही.